कॉम्प्युटरला ऊन लागलं

कॉम्प्युटर बंद पडला तेव्हा नवरी हार घालायला दोन्ही हात वर करून उभी होती. नवरदेव मान झुकवणार, तेवढ्यात पडदा काळा झाला, डब्याची घरघर थांबली आणि देवळीच्या 'रुचिका फोटो अँड व्हिडिओ'मध्ये भर दुपारी एकदम सामसूम झाली.

"गेला!" प्रफुल ओरडला.

"लाइन गेली का?" आतून रुचिकानं विचारलं.

"लाइन कायले जाते? पंखा फिरून राह्यला ना. हाच गेला. आपल्या मनानं गेला."

प्रफुलनं कॅबिनेटवर हात ठेवला आणि तितक्याच घाईनं उचलला. पत्रा असा तापला होता की त्यावर दोन भाकरी सहज भाजून झाल्या असत्या. त्यानं बटण दाबलं. कॉम्प्युटर सुरू झाला, पण लग्न पुन्हा शून्यावर आलं होतं. दोन तास राबून झालेलं बत्तीस टक्के काम पार पुसून गेलं होतं, आणि बाहेर नवतपा, उन्हाळ्यातले सगळ्यात जळते नऊ दिवस, पेटलेला होता.

हे लग्न कोण्या ऐऱ्यागैऱ्याचं असतं, तर प्रफुलनं गिऱ्हाइकाला पुढच्या आठवड्यात बोलावून दुपारची झोप काढली असती. पण लग्न होतं त्याच्या सख्ख्या मेहुणीचं, रुचिकाच्या धाकट्या बहिणीचं, प्रेरणाचं. एप्रिलात वडनेरला झालेल्या या लग्नासाठी सासरे सदाशिवराव वर्ध्याहून क्रेनवाला शूटिंगवाला बोलावणार होते. बैठकीत चाळीस माणसं बसलेली असताना प्रफुल म्हणाला होता, "मामाजी, घरचा जवाई शूटिंग करते, अन् बाहेरचा माणूस काऊन बोलावता?" सदाशिवराव कापसाचे व्यापारी. वजन वाढावं म्हणून कोणी पाणी मारून आणलेल्या कापसाकडे ते ज्या नजरेनं पाहत, त्याच नजरेनं त्यांनी जावयाकडे पाहिलं. सासूबाई मनकर्णाबाई मध्ये पडल्या, म्हणून काम मिळालं.

सदाशिवरावांचं जावयाशी वैर नव्हतं. सात वर्षांत त्यांनी कधी उणा शब्द काढला नव्हता. फक्त पाहुण्यांशी ओळख करून देताना ते म्हणत, "हे आमचे मोठे जवाई, देवळीले आठ एकर शेती हाये." कॅमेऱ्याचा उल्लेख ते घरातलं एखादं जुनं आजारपण झाकावं तसा झाकत. प्रफुलला ते लागायचं. आठ एकर त्याच्या बापानं कमावलेले होते, कॅमेरा त्याचा स्वतःचा होता.

त्यात आला अधिक महिना. या महिन्यात जावई म्हणजे साक्षात नारायण. त्याला पाटावर बसवायचं, ओवाळायचं आणि तेहतीस अनारशांचं वाण द्यायचं. यंदाचं धोंड्याचं जेवण गुरुवारी ठरलं होतं, थोरला जावई प्रफुल आणि नवा जावई रजत, दोघांचं एकत्र. नवे व्याही-विहीण येणार, काका-आत्या येणार आणि जेवणं झाली की सगळ्यांनी बसून प्रेरणाचं लग्न पाहायचं, असा सदाशिवरावांचा बेत होता. त्यासाठी हिंगणघाटहून मोठा टीव्ही आणि डीव्हीडी प्लेअर येऊन पडला होता. डीव्हीडी तयार नसली, तर प्रफुलला त्या सगळ्यांसमोर रिकाम्या हातानं देव म्हणून बसावं लागणार होतं. अनारसा घशाखाली उतरला नसता. आणि आज सोमवार होता.

काम तसं एकच उरलं होतं. कापून-जोडून बसवलेली फिल्म डीव्हीडीवर घालण्याआधी कॉम्प्युटर ती पहिल्यापासून शेवटपर्यंत नव्यानं घडवतो. त्याला रेंडरिंग म्हणतात. तीन तासांच्या लग्नाला प्रफुलच्या कॉम्प्युटरला साडेसहा तास लागत, आणि मध्ये बंद पडला की सगळं मुळापासून. लोडशेडिंगमुळे देवळीत सकाळ-संध्याकाळ लाइन जायची. सलग अशी ती दहा ते पाचच असायची. रात्रीही असायची, पण गावभरचे कूलर लागले की व्होल्टेज इतकं पडायचं की ट्यूबलाइटही डोळे मिचकावत बसायची. म्हणजे सात तासांत साडेसहा तासांचं काम, तेही भर उन्हात. दुष्काळात तेरावा महिना म्हणतात, तो पंचांगात आणि प्रफुलच्या घरात एकदमच लागला होता.

तेवढ्यात पुण्याहून रजतचा फोन आला. रजत पुण्यात कॉम्प्युटर इंजिनीअर. मूळचा नागपूरचा, पण चार वर्षांत भाषा पुण्याची झालेली.

"भाऊजी, वडनेरच्या बाबांनी विचारायला सांगितलंय, डीव्हीडी झाली का?"

"होऊनच राह्यली," प्रफुल म्हणाला, "फक्त कॉम्प्युटर मधातच बंद पडते."

"ओव्हरहीटिंग असणार. टेंपरेचर किती आहे?"

प्रफुलनं बाजूचा पेपर ओढला. "सेहेचाळीस पॉइंट दोन."

"मग काहीच नाही! एकदम नॉर्मल आहे."

"नॉर्मल कसं? कालच्यापेक्षा दीड डिग्री जास्त हाये! पह्यल्या पानावर छापून आलं."

"भाऊजी," रजत म्हणाला, "मी कॉम्प्युटरच्या आतलं, प्रोसेसरचं विचारतोय."

मग रजतनं शिकवलं तसं प्रफुलनं कॉम्प्युटर बंद करून चालू केला आणि एक बटण दाबून धरलं. कधी न पाहिलेला निळा पडदा उघडला. त्यात एका कोपऱ्यात आकडा होता.

"एकोणऐंशी," प्रफुल म्हणाला.

"काही काम न करता? बसल्या बसल्या?"

"बसल्या बसल्या."

"बाप रे. नव्वदला तो स्वतःच बंद होतो, जीव वाचवायला. तुम्ही सेटिंग काय ठेवलंय? टू पास का?"

"सगळ्यात वरचं ठेवलं. घरचं लग्न हाये."

"तेच तर! टू पास म्हणजे तो सगळं लग्न दोनदा बघतो. एकदा अंदाज घेतो, आणि मग दुसऱ्यांदा खरं काम करतो."

"एकडाव पाहून समजत नाई का त्याले?" प्रफुल वैतागून म्हणाला. "मामाजीनं त तुमाले एकदाच पाह्यलं अन् सोयरीक पक्की केली."

रजतनं एकदाच पाहायचं सेटिंग ठेवा, क्वालिटी थोडी उतरवा आणि जमलं तर फिल्म छोटी करा, असा सल्ला दिला आणि मीटिंगला निघून गेला. सल्ला बरोबरच होता. पण पुण्यात एसीत बसून लग्न छोटं करणं सोपं; देवळीत ते कापायला बसलं की कळतं.

"पंगत काप," रुचिका म्हणाली.

"पंगतीत तुही आत्या हाये. आग्रहानं वाढून राह्यली."

"मंग आहेर काप."

"त्याच्यात सगळेच हाये. ज्याचा आहेर कापला, थो पुढच्या लग्नात मले जेवू देइन का?"

"मंगलाष्टकं?"

"त्याच्यात तुहा काका गाते. तुले माहेरी जाचं हाये का नाई?"

दोन तास नवराबायको लग्नाच्या एकेका माणसावर कात्री धरून बसले आणि एकेकाला जीवदान देत गेले. शेवटी त्यांनी बँडवाले कापले. त्या बिचाऱ्यांचं नात्यात कोणी नव्हतं. चार मिनिटं वाचली. क्वालिटी उतरवल्यावर प्रेरणाच्या शालूवरच्या जरीचे चौकोन-चौकोन दिसायला लागले. पण प्रफुल करतो काय? रंग उडालेलं लग्न हे न झालेल्या लग्नापेक्षा बरं.

मंगळवारी सकाळी त्यानं कूलरवर डोळा ठेवला. घरात कूलर एकच, आणि त्याच्यासमोर दुपारी प्रफुलची आई रुख्माबाई झोपायच्या. सत्तरीच्या रुख्माबाईंनी आयुष्यात फार काही मागितलं नव्हतं, पण मे महिन्यातला कूलर त्यांनी कधी कोणाला दिला नव्हता.

"माय, दोन दिवसाची गोष्ट हाये," प्रफुल म्हणाला.

"म्हणजे मी उकडून मरू, अन् तुहा डब्बा थंड्या हवेत बसन?"

"डब्बा नाई माय, कॉम्प्युटर हाये. त्याले लय गरमी होऊन राह्यली."

"अन् मले?"

तोडगा असा निघाला की कूलर दुकानात आणायचा आणि रुख्माबाईंची खाटही. अर्धी हवा कॉम्प्युटरला, अर्धी आईला. दहाच्या ठोक्याला लाइन आली, प्रफुलनं रेंडरिंग लावलं, कूलरच्या वाळ्याचा ओला वास दुकानभर पसरला आणि रुख्माबाई घोरू लागल्या. साडेअकराला तेहतीस टक्के झाले. साडेबाराला छप्पन. प्रफुलला कॉम्प्युटरचा इतका उमाळा आला की त्यानं कूलरमध्ये स्वतःच्या हातानं दोन बादल्या पाणी ओतलं. पावणेदोनला चौऱ्याऐंशी टक्के झाले आणि तो पोटात दोन घास ढकलायला आत गेला. दहाच मिनिटांसाठी.

परत आला तेव्हा घरघर थांबली होती. पडदा काळा होता. कॅबिनेटवर, मागच्या जाळीपासून पुढच्या जाळीपर्यंत, एक पाणी निथळता दुपट्टा नीट चापूनचोपून गुंडाळलेला होता. त्याच्यावर मधोमध एक चिरलेला कांदा ठेवला होता. खाली जमिनीवर पाण्याचे थेंब पडत होते, आणि रुख्माबाई दुसऱ्या अर्ध्या कांद्यानं कॅबिनेटच्या कडा चोळत होत्या.

"माय!"

"वरडू नोको. ऊन लागलं याले," रुख्माबाई शांतपणे म्हणाल्या. "मी हात लावून पाह्यला, फणफणून राह्यला होता. तुहा बाप असाच फणफणला होता तवा, वल्ला दुपट्टा अन् कांदा, दोन घंट्यात उठून बसला."

"कितीवर बंद पडला?" आतून धावत आलेल्या रुचिकानं विचारलं.

"मले काय ठाऊक? थे आकडे होते तिथं, दोन आठ."

अठ्ठ्याऐंशी! प्रफुल खाटेवर बसला. ओल्या कपड्यानं दोन्हीकडच्या जाळ्या बंद झाल्या आणि जी काही हवा आत जात होती तीही गेली, हे आईला समजावून सांगायची ताकद त्याच्यात उरली नव्हती. आणि सांगून करायचं काय? तिनं प्रेमानंच केलं होतं. त्याच्या डोळ्यांत पाणी आलं, त्यातलं किती दुःखाचं आणि किती कांद्याचं, हे त्याचं त्यालाही कळलं नाही. नशीब, पाणी आत शिरलं नव्हतं. तासाभरानं कॉम्प्युटर सुरू झाला, पण पाचपर्यंत काम पुरं होणार नव्हतं.

प्रफुलनं ज्याच्याकडून कॉम्प्युटर घेतला होता त्या वर्ध्याच्या दुकानदाराला फोन लावला. "उघडू नका," तो म्हणाला. "मागे आमचं सील आहे. सील तुटलं की आमची जबाबदारी संपली. शुक्रवारी घेऊन या." शुक्रवारी! गुरुवारी धोंड्याला नारायण व्हायचं आणि शुक्रवारी वर्ध्याला जायचं.

बुधवारी सकाळी नऊला दारात जीप थांबली. सदाशिवराव रुचिकाला आणि नातवंडांना न्यायला स्वतः आले होते. घरात चहापाण्याची धावपळ उडाली. सदाशिवराव दुकानात येऊन खुर्चीवर बसले आणि त्यांनी नाक वर करून वास घेतला.

"इथं कांदाभजे काढता का?"

"नाई मामाजी. माय... आईनं कॉम्प्युटरचं ऊन उतरवलं."

सदाशिवरावांनी विहीणबाईंबद्दल काही बोलायचं टाळलं. "डीव्हीडी झाली?"

खोटं बोलायची हीच वेळ होती, पण समोर माणूस असा, ज्यानं चाळीस वर्षं कापसाच्या गाडीत हात घालून तळाचा माल ओळखला होता. प्रफुलनं सगळं खरं सांगून टाकलं. बत्तीस टक्के, एकोणऐंशी डिग्री, दुपट्टा, अठ्ठ्याऐंशी, सील, शुक्रवार. सदाशिवराव ऐकून घेत होते. मग ते उठले, कॅबिनेटच्या मागे गेले आणि जाळीपाशी बोट फिरवून त्यांनी काहीतरी चिमटीत उचललं.

"हे काय हाये?"

"धूळ असन."

"धूळ कशी असन? रुई हाये." त्यांनी रस्त्यापलीकडच्या जिनिंगकडे, कापसातली सरकी काढणाऱ्या कारखान्याकडे पाहिलं. "थेथून उडते ना? याच्या अंदर पंखा हाये का?"

"हाये ना."

"साफ कधी केलता?"

"रोज करतो मामाजी. वरून पुसतो."

"वरून पुसून काय होते? आमच्या जिनिंगात पंख्यात रुई बसली का मशीन तापलीच समजा. दर शनिवारी पंखा खोला लागते. तुमी कधी खोलला?"

"सील हाये ना."

"गॅरंटी किती दिसाची होती?"

"एक साल."

"घेतला कधी?"

"तीन साल झाले," प्रफुल म्हणाला आणि म्हणता म्हणता त्याच्याच लक्षात आलं. गॅरंटी दोन वर्षांपूर्वीच मेली होती. तो आजवर नुसत्या कागदाच्या तुकड्याला भीत होता.

सदाशिवरावांनी सदऱ्याच्या खिशातून चाकू काढला. या चाकूनं ते रुईची गाठ चिरून नमुना काढत. त्यांनी सील उभं चिरलं. प्रफुलनं स्क्रू काढले, बाजूचा पत्रा सरकवला आणि दोघंही वाकून आत पाहू लागले. पंखा होता. पंख्याखाली ॲल्युमिनियमच्या पट्ट्या असायला हव्या होत्या, त्या कुठं दिसतच नव्हत्या. तिथं करड्या-पांढऱ्या रंगाची, बोटभर जाडीची, छान दाबून बसलेली गादी होती. तीन हंगामांची रुई पंख्यानं ओढून ओढून तिथं भरली होती, आणि प्रोसेसर बिचारा भर उन्हाळ्यात दुलई पांघरून काम करत होता.

सदाशिवरावांनी ती गादी एका तुकड्यात अलगद उचलली. मग सवयच ती, त्यांनी दोन बोटांत पुंजका धरून तंतू ओढला, उजेडाकडे धरला आणि मान हलवली.

"धागा चांगला हाये. पह्यल्या वेचणीची रुई. पण कचरा लय, भाव नाई भेटत."

प्रफुलनं रंगाच्या नव्या ब्रशानं एकेक पट्टी झाडली. सायकलच्या पंपानं हवा मारली. रुख्माबाई ओला दुपट्टा घेऊन दारात उभ्या होत्या, त्यांना रुचिकानं हाताला धरून परत आत नेलं. यूपीएसच्या बॅटरीवर कॉम्प्युटर सुरू केला. निळ्या पडद्यावर आकडा आला, एकावन्न.

"एकावन्न!" प्रफुल जवळजवळ नाचलाच.

"उद्या अकराले पोचा," सदाशिवराव हात झटकत म्हणाले. "अन् आता त कारण उरलं नाई." एवढं बोलून ते लेक-नातवंडांना घेऊन वडनेरला निघाले.

लाइन यायला पाच मिनिटं होती. प्रफुल सेटिंगच्या पानासमोर बसला. एकदाच पाहायचं आणि क्वालिटी उतरवायची, हे सेटिंग तयारच होतं. साडेचार तासांत, आरामात अडीचला काम झालं असतं. पण चौकोन-चौकोन झालेली जर त्याच्या डोळ्यांसमोरून हलेना. टू पास लावलं तर साडेसहा तास लागणार, म्हणजे साडेचारच्या पुढे. मग डीव्हीडी लिहायला वीस मिनिटं. आणि पाचला लाइन जाणार. यूपीएस दहा मिनिटांच्या वर तग धरत नव्हता. शहाण्यानं केलं नसतं ते प्रफुलनं केलं. त्यानं सगळी सेटिंग पुन्हा सगळ्यात वर नेली आणि कापलेल्या बँडवाल्यांनाही मानानं परत मांडवात आणलं.

दहा वाजून दोन मिनिटांनी लग्न सुरू झालं. बाराला नवरीनं हार घातला. दोनच्या आत कॉम्प्युटरनं सगळं लग्न एकदा पाहून घेतलं आणि तो दुसऱ्यांदा पाहायला बसला. बाहेर रस्त्यावर डांबर वितळत होतं, कुत्री नालीत जाऊन पडली होती, आणि उघड्या कॅबिनेटमधला पंखा मोकळ्या छातीनं फिरत होता. रुख्माबाईंनी त्या दिवशी कूलरची सगळी हवा आपणहून कॉम्प्युटरकडे वळवून दिली आणि स्वतः पुठ्ठ्यानं वारा घेत बसल्या. प्रफुल जेवायला उठला नाही. चार वाजून चौतीस मिनिटांनी शंभर टक्के झाले. त्यानं नवी डिस्क घातली. पाचला चार मिनिटं असताना ड्रॉवर खट्कन बाहेर आला, त्यात डीव्हीडी होती, गरमागरम. प्रफुलनं ती कपाळाला लावली. लाइन पाचला गेली तेव्हा गावातल्या लोकांनी कपाळाला हात लावला आणि देवळीत एकटा प्रफुल दुकानात उड्या मारत होता.

गुरुवारी तो वडनेरला पोचला, तर त्याच्या आधी त्याची गोष्ट पोचलेली होती. ओसरीवर सदाशिवराव पंधरा-वीस जणांमध्ये बसले होते आणि तळहात पसरून दाखवत होते.

"एवढी रुई निंघाली! जवाई त बिचारे तीन दिवस त्या मशीनले हात जोडून बसले होते. रजतजी फोनवर सेटिंग सांगून राह्यले होते. मी हात लावला अन् समजलो."

जेवणाला बसेपर्यंत रुई वाढून पावशेर झाली. व्याह्यांना सांगताना ती एका उशीची झाली. रजतही कौतुकानं ऐकत होता. "बाबा, हे आमच्याही लक्षात आलं नसतं," तो म्हणाला, आणि सदाशिवराव आणखी ताठ बसले. प्रफुलला कोणी काही विचारलं नाही. साडेसहा तास, टू पास, चार मिनिटांनी जिंकलेली शर्यत, यातलं काही त्या गोष्टीत नव्हतंच. दोघं जावई पाटावर बसले, मनकर्णाबाईंनी ओवाळलं, तेहतीस अनारशांची ताटं हातात आली. सगळे प्रफुलच्या डोक्यावरून सासऱ्यांना विचारत होते, "आमच्या पोराचा कॉम्प्युटर बी तापते, पाहून देता का?"

जेवणं झाली. बैठकीच्या खोलीत मोठ्या टीव्हीसमोर सगळे दाटीवाटीनं बसले. प्रफुलनं डीव्हीडी लावली आणि दाराला टेकून उभा राहिला. चित्र आलं आणि खोलीत "वाऽ" झालं. शालूची जर एकेक तार दिसत होती. आत्या पंगतीत आग्रह करताना दिसली आणि तिनं स्वतःलाच टाळी दिली. काकांनी आपलं मंगलाष्टक पुन्हा टीव्हीबरोबर म्हटलं. दीड तासात कोणी जागचं हललं नाही. मग बराच भाग पुढे पळवून सगळ्यांनी बिदाई लावायला सांगितली.

गाडी फुलांनी सजलेली, बायकांची रडारड, प्रेरणा आईच्या गळ्यात. आणि मग एकाएकी चित्र बदललं. मांडवामागे उभा असलेला पाण्याचा टँकर दिसला. टँकरच्या चाकाजवळ फेटा घातलेला एक माणूस पाठमोरा उभा होता. तो वळला. ते सदाशिवराव होते. आणि ते रडत होते. खांद्यावरच्या दुपट्ट्याचा बोळा तोंडात धरून, खांदे हलवत, लहान पोरासारखे रडत होते.

वडनेरात सदाशिवरावांना रडताना कोणी पाहिलं नव्हतं, बाप गेला तेव्हाही नाही. लग्नाच्या दिवशी प्रफुलनं हा शॉट घेतला होता, जोडताना ठेवला होता, कारण त्याला तो सगळ्यात खरा वाटला होता. आज चाळीस माणसांसमोर तो दिसेल, याचा विचारच त्यानं केला नव्हता.

"हे कोणं घेतलं?" सदाशिवरावांनी विचारलं. आवाज खालचा होता.

"मी, मामाजी."

"एवढे रडले," मनकर्णाबाई पदर डोळ्यांना लावत म्हणाल्या, "अन् मले म्हणे, टँकरमधी पाणी उरलं का नाई, थे पाहाले गेलतो!"

खोली अशी हसली की व्याह्यांच्या हातातला पानाचा विडा खाली पडला. सदाशिवराव हसले नाहीत. ते टीव्हीकडेच पाहत होते.

"मांगं घ्या थोडं," ते म्हणाले.

प्रफुलनं मागे घेतलं. टँकर, चाक, फेटा. आणि टँकर नि मांडवाच्या मधल्या फटीतून, दूरवर, फुलांची गाडी हळूहळू निघताना दिसत होती. मागच्या खिडकीतून प्रेरणा अर्धी बाहेर वाकली होती आणि मान वळवून गर्दीत कोणाला तरी शोधत होती.

"थे मले पाहून राह्यली होती का?"

"हो मामाजी," प्रफुल म्हणाला. "गाडी वळेपर्यंत पाहत होती. तुमी दिसून नाई राह्यले, म्हणून मी दोघं बी एकाच फोटोत घेतले."

कोपऱ्यात बसलेली प्रेरणा उठली आणि बापाच्या पायाशी येऊन बसली. सदाशिवरावांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला.

"वर्धेवाला क्रेन घेऊन वरतं बसला असता," ते खोलीला म्हणाले. "थो टँकरमांगं आलाच नसता. आता पुन्हा एकडाव लावा, जवाईबापू."

तिसऱ्यांदा टँकर दिसला आणि लाइन गेली. सगळ्यांनी एकदम "अरे!" केलं. टीव्ही विझला, पंखा थांबला. सदाशिवराव ताडकन उठले आणि दारातल्या गड्याला ओरडले, "तानबा! जिनिंगातला जनरेटर घेऊन ये ट्रॅक्टरवर. कोणी जागचं हलाचं नाई!" लग्नात पाहुणे घामानं भिजले तरी त्यांनी तो जनरेटर बाहेर काढला नव्हता.

मग ते आपल्या दिवाणावर परत बसले. त्या दिवाणावर त्यांच्याशिवाय कोणी बसत नसे. त्यांनी थोडं सरकून शेजारी जागा केली आणि हातानं थोपटली.

"इकडे या, जवाईबापू. जनरेटर येते तवरक सांगा बरं, हे रेंडरिंग म्हणजे असते तरी काय?"

प्रफुल त्यांच्या शेजारी बसला आणि त्यानं पहिल्यापासून सांगायला सुरुवात केली. जनरेटर आला, टीव्ही लागला, पण टू पासचं अर्धं सांगायचं राहिलं होतं, म्हणून सदाशिवरावांनी सगळ्यांना थांबवून धरलं.